आज अँजिओग्राफी, की लागली तरच?

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या रुग्णाच्या ईसीजीत एसटीची रेष ठरावीक प्रकारे वर चढलेली दिसली, तर फारसा वाद उरत नाही. रक्तवाहिनी बहुधा पूर्ण बंद झालेली असते, ती लगेच उघडायची. पेच पडतो तो रेष चढलेली नसते तेव्हा. दुखणं बसल्या जागी येतं, थांबतं, पुन्हा येतं. बहुतेकदा आत घडलेलं असतं ते असं: वाहिनीच्या भिंतीतल्या चरबीच्या थराला चीर गेलेली असते आणि त्या चिरेवर प्लेटलेट्स चिकटून गुठळी धरू लागलेली असते. गुठळी कधी वाढते, कधी विरते. हा अनस्टेबल अंजायना. त्यात हृदयाच्या स्नायूच्या पेशी मरू लागल्या, तर रक्तात ट्रोपोनिन वाढतं आणि मग तो हृदयविकाराचा झटकाच ठरतो, लहान असला तरी.

अशा रुग्णासाठी दोन वाटा आहेत. औषधं दोन्हींत तीच: अॅस्पिरिन, प्लेटलेट्सना रोखणारी दुसरी गोळी, हेपारिन, स्टॅटिन आणि गरजेप्रमाणे बीटा ब्लॉकर. पहिल्या वाटेवर एक-दोन दिवसांत सरसकट अँजिओग्राफी करतात आणि अडथळा सापडला तर अँजिओप्लास्टी (प्लास्टी) किंवा बायपास. दुसऱ्या वाटेवर रुग्णावर लक्ष ठेवतात. दुखणं उलटलं किंवा स्ट्रेस टेस्ट बिघडली, तरच अँजिओग्राफी. हिला ‘नुसत्या गोळ्या’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. डोळ्यांत तेल घालून वाट पाहणं हाही उपचारच आहे.

कोणती वाट बरी, याची परीक्षा गेली तीसेक वर्षं चालू आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या व्हँक्विश चाचणीत ९२० रुग्ण होते. १९९८ मध्ये तिचे आकडे आले ते धक्कादायक होते: घरी सोडण्याआधीच पहिल्या वाटेवरचे २१ जण दगावले होते, दुसऱ्या वाटेवरचे ६. पण पुढच्याच वर्षी स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या २,४५७ रुग्णांच्या फ्रिस्क-२ चाचणीने उलट कौल दिला. सहा महिन्यांत मृत्यू किंवा झटका आलेल्यांचं प्रमाण अँजिओग्राफीच्या गटात ९.४ टक्के होतं, दुसऱ्या गटात १२.१. स्टेंट आले होते, औषधं सुधारली होती. २००१ च्या टॅक्टिक्स चाचणीतही फायदा दिसला आणि तो मुख्यतः ट्रोपोनिन वाढलेल्यांना झाला.

प्रश्न मिटला असं वाटत असतानाच नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी इक्टस चाचणी केली. १,२०० रुग्ण, सगळ्यांचं ट्रोपोनिन वाढलेलं; म्हणजे ज्यांना फायदा व्हायलाच हवा तेच. २००५ मध्ये निकाल आला. वर्षभरात मृत्यू, झटका किंवा दुखण्यामुळे पुन्हा भरती यांतलं काहीतरी घडलेले पहिल्या गटात २२.७ टक्के, दुसऱ्यात २१.२. फरक जवळजवळ नाहीच.

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोष्ट आकड्यांच्या पोटात आहे. पहिल्या गटात झटके १५ टक्के रुग्णांना आले, दुसऱ्यात १०. ऐकून वाटेल, अँजिओग्राफीने झटके वाढवले! पण यातले बहुतेक झटके प्लास्टीच्या वेळचे होते. फुगा फुगवताना, स्टेंट बसवताना स्नायूला थोडी इजा होऊन रक्तातलं एन्झाइम वाढतं. इक्टसने नेहमीच्या मर्यादेपलीकडची कुठलीही वाढ झटका म्हणून मोजली; टॅक्टिक्सने प्लास्टीनंतर तिप्पट वाढ झाली तरच मोजली. मोजपट्टी बदलली की निकालाचा रंग बदलतो. दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. इक्टसच्या ‘वाट पाहू’ गटातल्याही ५४ टक्के रुग्णांची वर्षभरात प्लास्टी किंवा बायपास झाली. फ्रिस्क-२ मध्ये सहा महिन्यांत हे प्रमाण ३७ टक्केच होतं. म्हणजे डच डॉक्टर थांबले, पण गरज दिसताच हलले. अशी सजग वाट पाहिली, तर घाईचा फायदा आपोआप आक्रसतो.

म्हणून ‘प्लास्टी चांगली की औषधं?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. धोका किती, हे आधी विचारायला हवं. वय, नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन, ईसीजी, ट्रोपोनिन, हृदय कमजोर पडल्याची लक्षणं यांवरून ग्रेस नावाचा गुणांक काढतात. २००९ च्या टायमॅक्स चाचणीत चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफी करण्याचा सरसकट ठोस फायदा दिसला नाही. पण ग्रेस १४० च्या वर असलेल्यांत वाईट घटना २१ टक्क्यांवरून १३.९ वर आल्या. आणि दुखणं औषधांनी थांबतच नसेल, रक्तदाब कोसळत असेल, ठोके बिघडत असतील, तर दोन तासांच्या आत अँजिओग्राफी करावी असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तिथे नातेवाइकांनी गावाकडच्या काकांना फोन लावत बसू नये.

एरवी मात्र संमतीपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी जरूर विचाराव्यात: ट्रोपोनिन वाढलंय का, ईसीजी बदलतोय का, दुखणं थांबलं का, किडनी कशी आहे. अँजिओग्राफीचा डाय किडनीला त्रास देऊ शकतो, म्हणून शेवटचा प्रश्न म्हाताऱ्या माणसांसाठी फार मोलाचा.

त्यांच्याबद्दल आता चांगली माहिती हाती आहे. ब्रिटनमध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या १,५१८ रुग्णांवर झालेल्या सीनियर-रिटा चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. अशक्त, विसराळू झालेले, अनेक आजार असलेले वृद्ध सहसा चाचण्यांतून वगळले जातात. इथे त्यांना मुद्दाम घेतलं, हे मला फार मोठं काम वाटतं. साधारण चार वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका आलेले पहिल्या गटात २५.६ टक्के, दुसऱ्यात २६.३. नुसते न दगावता आलेले झटके मात्र ११.७ विरुद्ध १५ टक्के, आणि पुढे पुन्हा प्लास्टी-बायपासची वेळ आलेले ३.९ विरुद्ध १३.७. गुंतागुंत एक टक्क्याहूनही कमी जणांत झाली. ऐंशीच्या आजीला आयुष्य वाढवून मिळेल म्हणून नव्हे, तर पुन्हा झटका येऊन होणारी दवाखान्याची फेरी टळेल म्हणून अँजिओग्राफी करायची का, हे आजीशी बोलूनच ठरवता येतं, आणि बहुतेकदा त्या बोलण्यासाठी एका रात्रीची सवड असते.