आंबीच्या खोलीतला गेमिंग पीसी

तळेगाव दाभाडे स्टेशनाकडून इंद्रायणी ओलांडली की आंबी लागतं. एका बाजूला तळेगाव एमआयडीसी, दुसरीकडे डी. वाय. पाटील संकुल आणि या दोन्हींच्या आधाराने वाढलेल्या भाड्याच्या खोल्या. अशा खोलीत राहून इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलामुलींपुढे दिवाळीच्या सुमाराला एक प्रश्न हमखास येतो. घरून मिळालेले आणि स्वतः साठवलेले मिळून पन्नास हजार रुपये आहेत, तर त्यात गेमिंग पीसी कसा बसवायचा? तयार याद्या भरपूर मिळतात. पण यादी करणाऱ्याला आंबीतल्या खोलीचा प्लग ठाऊक नसतो. या लेखात मला भर द्यायचा आहे तो त्या प्लगवरच. तिथे पोचण्याआधी मात्र पैसा कुठे जातो ते पाहू. पन्नास हजारांत मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस धरलेले नाहीत.

आधी पडदा ठरवावा. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने चालायचा, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचं गणित छोटं असतं, पण ते सगळं एकाच वेळी व्हावं लागतं. एकट्या हुशार प्रोसेसरचं हे काम नाही.

अनेक प्रोसेसर एकत्र राबवण्याचा मोठा प्रयोग पुण्यातच झाला होता. अमेरिकेकडून हवा तो क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्यासाठी नवी चिप घडवण्यात वर्षं घालवली नाहीत. बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे ब्रिटिश प्रोसेसर घेतले, ६४ प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि काम त्यांच्यात वाटून दिलं. आज एएमडीच्या आरएक्स ६६०० या मध्यम कुवतीच्या ग्राफिक्स कार्डात १७९२ छोटे गणक असेच शेजारी शेजारी राबतात. दोन्हींची रचना वेगळी, पण काम वाटून घेण्याचं तत्त्व तेच. म्हणून पन्नास हजारांतले वीस-बावीस हजार मी डोळे मिटून कार्डासाठी बाजूला काढायला सांगतो.

कार्ड घेताना नावाला भुलू नये. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० घ्या. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या कार्डात ८ जीबी मेमरी आणि २५६० कोअर होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाचं ६ जीबीचं कार्ड आलं. त्यात कोअर २३०४, मेमरीकडे जाणारी वाटही अरुंद. खोक्यावरचा मोठा आकडा तोच, आतला माल निराळा. धाकट्या कार्डाचा गुण एवढाच की ते ७० वॅटमध्ये चालतं आणि बहुतेक वेळा त्याला वेगळी वीजतार लागत नाही. जुन्या ऑफिस पीसीत बसवायला ते उत्तम. नवीन पीसी जुळवताना मात्र ८ जीबीच पाहावं. आरएक्स ६५०० एक्सटीचं ४ जीबीचं कार्ड स्वस्त दिसतं, पण ते मदरबोर्डशी फक्त चार लेननी बोलतं आणि जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर चांगलंच मंदावतं. माझी पसंती आरएक्स ६६०० ला. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, मात्र त्यासाठी ‘रिसाइझेबल बार’ची सोय असलेला बोर्ड हवाच.

प्रोसेसरवर त्या मानाने कमी खर्च चालतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर आहेत आणि फुल एचडी गेमिंगला ते पुरतात. आणखी काटकसर करायची तर इंटेलचा चार कोअरचा आय३-१२१००एफ आहे. त्याच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड बिघडलं की पडदा काळा. ५६०० लाही आतलं ग्राफिक्स नाही. कार्डाचे पैसे यंदा जमणारच नसतील तर ५६००जी घ्यावा. त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट हा खेळ बऱ्यापैकी चालतो, आणि कार्ड पुढच्या वर्षी त्याच बोर्डावर बसतं.

५६०० ज्यात बसतो तो बोर्डावरचा एएम४ सॉकेट जुना. २०२२ मध्ये आलेला एएम५ नवा, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग. पाच वर्षं तोच सांगाडा ठेवायचा असेल तर एएम५ साठी थांबण्यात अर्थ आहे. दोन-तीन वर्षांपुरतं पाहणाऱ्याने एएम४ खुशाल घ्यावं. रॅम १६ जीबी, आणि तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी लावली तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो, आणि ५६००जी वर त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीला मागणी वाढवल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव चढले, तेव्हा यादीतला हा भाव सर्वांत आधी विचारावा.

आता तो प्लग. दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतो तो वीजपुरवठ्याचा डबा खेळाचा वेग एका चित्रानेही वाढवत नाही, म्हणून काटकसर नेमकी तिथेच होते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर कितीही वॅट लिहिलेले असोत, वीस हजारांचं कार्ड त्याच्या भरवशावर सोडू नये. नामवंत कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा, ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा आणि त्यासाठी चार हजार वेगळे ठेवावेत. आरएक्स ६६०० ला सुमारे १३२ वॅट लागतात, म्हणजे पुढच्या मोठ्या कार्डालाही जागा राहते.

एसएमपीएस चांगला असला तरी भिंतीत अर्थिंग हवं. भाड्याच्या खोलीत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे पुष्कळदा काहीच जोडलेलं नसतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, त्यामागे बहुधा हेच कारण. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने एरवी नुसता चटका बसतो, पण एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर तोच पत्रा जीवघेणा ठरतो. तिसरी पिन काढून दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणं हा उपाय नव्हे. घरमालकाला सांगून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. या खर्चापायी कार्ड एक पायरी खाली आणावं लागलं तरी आणावं, असं मला मनापासून वाटतं.

लाईट जाते-येते तिथे यूपीएसही हवा. तो खेळ चालू ठेवण्यासाठी नाही, सगळं नीट बंद करायला पाच मिनिटं मिळावीत म्हणून. पावसाचं म्हणाल, तर लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेकडे येताना तो झपाट्याने उतरतो, त्यामुळे आंबीला लोणावळ्याइतकी ओल नसते. तरी पीसी जमिनीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि पावसाळ्यात तो अधूनमधून चालू करावा. उन्हाळ्यात त्रास धुळीचा. पुढून जाळी असलेलं आणि धुता येईल असं फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्यावं. रंगीत दिव्यांचे पैसे तिथे वाचतात.

हे सगळे भाग दुरून येतात. रायझन आणि आरएक्स ६६०० या दोन्ही चिप तैवानच्या टीएसएमसीत घडल्या. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येण्याची चर्चा होती. त्या सप्टेंबरात करार गुजरातशी झाला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. चिप इथे घडल्या नाहीत, पण त्यांच्यावर चालणारे खेळ घडतात. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा २०२० चा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. नव्या पीसीवर पहिला खेळ म्हणून तो लावून पाहावा.

खरेदीसाठी तळेगावहून लोकलने पुणं गाठता येतं. मुंबईला जाणं होणार असेल तर ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, पाहून घ्यावा. जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर त्याचा इतिहास विचारावा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. अशा कार्डाचे पंखे आणि थर्मल पेस्ट आधी थकतात. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड खेळ चालवावा, तापमान पाहावं, पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का ते पाहावं. नव्या भागांच्या बिलावर प्रत्येकाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि वॉरंटी संपेपर्यंत खोके टाकू नयेत. खोलीत जागा नसेल तर ते गावी पाठवावेत.