तारेखालचे झाड आणि गुरुवारचे चार तास

पुण्यात गुरुवार हा लाईट जाण्याचा वार. महावितरणचा देखभालीचा मेसेज आला की सोसायटीचा पंप सकाळी लवकर चालू होतो, घरोघरी वाटण-घाटण उरकून घेतले जाते. मे महिन्यातल्या गुरुवारी तर हमखास फांद्या उतरतात. शिडी येते, दोर येतो, लांब काठीला बांधलेला कोयता येतो आणि दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला फुलांसकट गुलमोहराचा ढीग पडलेला असतो. ढीग बघून हळहळणारा आणि ‘आता पावसाळ्यात तरी लाईट जाणार नाही’ म्हणणारा, हे दोघे बहुधा एकाच सोसायटीत राहतात. कधीकधी तो एकच माणूस असतो.

फांदी नुसती टेकली तरी वीज का जाते? रस्त्याकडेच्या खांबांवरच्या बहुतेक जुन्या तारा उघड्या आहेत. त्यांच्यावर कसलेही आवरण नाही. ओली फांदी तारेला लागली की वीज झाडातून जमिनीत उतरू लागते, उपकेंद्रातल्या यंत्रणेला ते कळते आणि ती अख्खी वाहिनी बंद करते. तिने तसे केले नाही, तर त्या झाडाखाली आडोशाला उभ्या असलेल्या माणसाचा जीव धोक्यात येतो. शिवाय तार एका जागी राहत नाही. उन्हाने आणि वाढलेल्या भाराने ती तापते, लांबते, तिचा झोळ खाली येतो. जानेवारीत तारेपासून सुटी असलेली फांदी मे महिन्यात तिला खेटलेली असते, ती काही सगळी फांदीच्या वाढीमुळे नव्हे.

एवढ्याशा स्पर्शाने केवढे घडू शकते, हे १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत दिसले. ओहायो राज्यात झोळ पडलेल्या उच्चदाब तारा वाढलेल्या झाडांना लागल्या, नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणक यंत्रणा त्याच वेळी बंद पडलेली होती, आणि अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. पुणेकरांना इतक्या लांब जायची गरज नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या वाऱ्याने पुण्यातही झाडे तारांवर कोसळली.

झाड आणि तार यांचा झगडाच नको, तर विजेशिवाय राहणे ही एक वाट. बुधवार पेठेतल्या जुन्या घरात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने विजेच्या जोडणीशिवाय राहिल्या आणि तिथेच त्यांनी झाडांवरची पुस्तके लिहिली. त्या जगण्याबद्दल पुण्याला आदर आहे, पण रुग्णालये, लिफ्ट आणि पाण्याचे पंप असलेल्या शहराला ती वाट घेता येत नाही.

कायद्याचेही दोन हात दोन दिशांना ओढतात. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६८ नुसार वाहिनीला अडथळा ठरणारे झाड हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. मात्र झाड आधीपासून उभे असेल आणि तार नंतर ओढली असेल, तर झाडाशी हितसंबंध असलेल्याला वाजवी भरपाई मिळाली पाहिजे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. आधी कोण आले, हा प्रश्न विचारणारा कायदा, ही मोठी गोष्ट आहे. दुसरीकडे महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला त्यात वारसा वृक्षाचा मान दिला. या कायद्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणे हीसुद्धा वृक्षतोडच. मग छाटणी कुठे संपते आणि इजा कुठे सुरू होते? ते प्रत्यक्षात कोयता धरणाऱ्याच्या हातात असते.

आणि त्या हाताला वेळ नसतो. वाहिनी बंद करायची, परमिट घ्यायचे, तार खरोखर मृत आहे हे तपासायचे, दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचे, कारण कुणाच्या जनरेटरमधून उलटी वीज आली तर वर चढलेला माणूस संपला. हे सगळे झाल्यावर उरलेल्या तासांत रांगेतली सगळी झाडे उरकायची असतात. म्हणून सर्वांत झटपट होणारे काम होते: शेंडा मारायचा, झाड बोडके करायचे.

बोडके केलेले झाड त्याचा वचपा काढते. तुटलेल्या खोडाच्या सालीलगतून धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. हे धुमारे सरळ वर, फार वेगाने वाढतात, एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा तारेला भिडतात, आणि त्यांचा सांधा वरवरचा असल्याने वाऱ्यात आधी तेच मोडतात. हजारो खोडे उभी चिरून पाहणारे अमेरिकी संशोधक ॲलेक्स शायगो यांनी दाखवून दिले की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून भिंत घालून बंद करते आणि पुढे नवे लाकूड वाढवते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर कंठाला धक्का न लावता काप घेतला तर ही भिंत चांगली उभी राहते. मधेच खुंट ठेवला, तर तिथून कूज आत शिरते.

तारेकडे जाणारी फांदी मागे, तारेपासून दूर वळलेल्या उपफांदीपर्यंत कापणे ही योग्य पद्धत. अशा झाडाला एका बाजूने खिंडार पडल्यासारखे दिसते. ते दिसायला वाईट, पण झाडासाठी बरे. अर्थात सगळा भार एकाच अंगाला राहिला तर पर्जन्यवृक्षासारखे पसरट झाड उद्या रस्त्यावर कलंडू शकते. म्हणून दुसऱ्या बाजूचेही थोडे वजन उतरवावे लागते. कुठली फांदी किती, हे ठरवायला झाडाखाली उभे राहून दहा मिनिटे वर बघावे लागते. गुरुवारच्या घाईत ती दहा मिनिटेच सापडत नाहीत.

त्यात महिना मे. याच दिवसांत कावळ्यांची घरटी झालेली असतात. ती कुठे बांधली यावरून पावसाचा अंदाज करण्याची आपली जुनी रीत आहे. फांदीबरोबर घरटे खाली येते. मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीत उरकली आणि मे महिन्यात फक्त राहिलेले टोक काढले, तर घरटी वाचतील, बारावीच्या परीक्षांच्या आत काम होईल आणि वायरमनलाही घाई राहणार नाही. महावितरणचे वेळापत्रक आणि महापालिकेच्या उद्यान विभागाचा जाणकार माणूस एकाच दिवशी एकाच झाडाखाली आणायचा, एवढीच यातली अवघड गोष्ट.

उघड्या तारांऐवजी आवरण असलेल्या, एकमेकींना पिळलेल्या एरियल बंच केबल घातल्या तर फांदीचा स्पर्श चालतो. फक्त घासून आवरण झिजू नये, इतकी काळजी घ्यावी लागते. भूमिगत केबल सर्वांना आवडते. पण चर खोडाला लागून खणला तर झाडाला आधार देणारी मुळेच तुटतात. वर पानांचा डौल तसाच राहतो आणि झाड पहिल्या वळवात उन्मळून पडते.

रस्त्याच्या कडेने जाणारी लघुदाब तार जमिनीपासून किमान साडेपाच मीटर उंच असावी, असा जुना नियम. पर्जन्यवृक्ष वीस मीटरच्या वर सहज जातो. प्राजक्त, तगर, कुंती हे बहुधा तारेच्या खालीच थांबतात. जूनमध्ये खड्डे घेतले जातात तेव्हा वड, पिंपळ, पर्जन्यवृक्षाची रोपे खांबांच्या रांगेत न लावता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, शाळेच्या मैदानाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी लावता येतात. रोप कमरेएवढे असते तेव्हा ते हलवायला एक कुदळ आणि अर्धा तास पुरतो.