फुटलेली बशी आणि पोलिसांची नोंद

घरांत एखाद्या मुलानें रागाच्या भरांत बशी फोडली, तर आई रागें भरते, वडील चार शब्द सुनावतात, आणि रात्रीं सर्वजण एकाच पंगतीस बसतात. पोलिसांस बोलवावें असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु ज्या मुलास घरच नाहीं, त्याच्या हातून बालगृहांत बशी फुटली, तर?

हा प्रश्न इंग्लंडांत तीव्रतेनें पुढें आला. तेथें १० वर्षांच्या मुलावरही फौजदारी खटला होऊं शकतो. तुरुंगसुधारणेसाठीं झटणाऱ्या हॉवर्ड लीग या संस्थेनें २०१६ सालीं दाखवून दिलें कीं, बालगृहांतील १६-१७ वर्षांच्या मुलांवर गुन्हेगारीचा शिक्का बसण्याचें प्रमाण त्याच वयाच्या इतर मुलांच्या निदान १५ पट होतें. त्याच वर्षीं लॉर्ड लेमिंग यांच्या समितीनें निदर्शनास आणलें कीं, देशांतील शंभरांत एकाहूनही कमी मुलें सरकारी देखभालीखालीं असतां, कैदेंतील मुलांपैकीं सुमारें निम्मीं मुलें केव्हां ना केव्हां त्या देखभालीखालीं राहिलेलीं होतीं.

मग हीं मुलें जात्याच वाईट काय? मुळींच नाहीं. त्यांतील बहुतेक मुलें लहानपणीं कायद्याच्या कचाट्यांत सांपडत नाहींत. परंतु ज्यांनीं मारहाण, हेळसांड वा मायबापांचा वियोग सोसला, त्यांचें दुःख पुष्कळदां रागाच्या रूपानें बाहेर पडतें. त्यांतच सांभाळणारीं माणसें वारंवार बदलतात. मुलाचा स्वभाव कोणास ठाऊक नसतो. आणि रात्रपाळीचा नोकर घाबरून टेलिफोन उचलतो. घरीं जो दांडगेपणा, तोच तेथें गुन्हा ठरतो. आणि ती नोंद पुढें नोकरीच्या दारांत आडवी येऊं शकते.

नोव्हेंबर २०१८ मध्यें तेथील सरकारच्या तीन खात्यांनीं या बाबतींत मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांचा रोख असा कीं, पोलीस हें शिस्त लावण्याचें साधन नव्हे. मूल शांत झाल्यावर त्याचें ऐकून घ्यावें. ज्याचें नुकसान झालें त्याच्याशीं समेट घडवावा. कोणास खरा धोका असेल, तेव्हांच पोलिसांस पाचारण करावें. सुज्ञ पालकानें अशा वेळीं काय केलें असतें, हीच कसोटी होय.

ही कसोटी मला पूर्वींच एकीनें शिकविली होती. एका बोर्डिंगावर देखरेख करीत असतां एका पोरक्या मुलानें खिडकीची कांच फोडली. मी संतापून चौकीस चिठ्ठी लिहावयास बसलों. तेव्हां वृद्ध स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या लेकानं फोडली असती तर चिठ्ठी लिहिली असती का?" मी कागद फाडला. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा व मी मिळून नवी कांच बसविली.

आपल्या देशांत २०१५ चा बालन्याय कायदा मुलास नव्यानें आरंभ करण्याची संधि देतो. आणि २०१६ च्या नियमांप्रमाणें, अतिगंभीर आरोप किंवा प्रौढांसह केलेला गुन्हा असल्याखेरीज मुलावर प्रथम खबरी अहवाल नोंदवितां येत नाहीं. परंतु कायदा दूर असतो. बोर्डिंगाचा रखवालदार, शिक्षक आणि बाकावरचा सोबती जवळ असतात. विद्यार्थिमित्रहो, वर्गांत कांहीं हरवलें असतां तुमची दृष्टि प्रथम कोणाकडे वळते, हें एकदां पडताळून पाहा.