आमच्या जिल्ह्यांतील तलाव आणि जगाचीं सतरा ध्येयें

ता. २५ सप्टेंबर २०१५ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील परिषदेंत जगांतील राष्ट्रांनीं सतरा ध्येयें मान्य केलीं, व तीं इ. स. २०३० पर्यंत साधावयाचें ठरविलें. त्यांच्या पोटांत १६९ लक्ष्यें आहेत. कोणी उपाशी राहूं नये, सर्वांस स्वच्छ पाणी मिळावें, रानें व त्यांतील जीव टिकावे, आणि हें साधतांना पुढील पिढ्यांचा ठेवा आपण खाऊन टाकूं नये, असा त्यांचा इत्यर्थ. या ठरावाचा गोंदिया जिल्ह्यांतील धानाच्या बांधीशीं संबंध काय, असें आमच्या बालवाचकांस वाटणें साहजिक आहे. तो दाखविण्यासाठीं आम्ही त्यांस दूर नेत नाहीं. गांवच्या तलावाच्या पाळीवरच उभे करतों.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. पण येथील तलाव त्याहून फार जुने. ते बांधण्याची विद्या कोहळी समाजाची. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें सांगतात. तलावाच्या कांठीं लोक त्यास कोलासुर देव म्हणून पूजितात, आणि भोंवतालच्या सात टेकड्यांनीं, म्हणजे सात बहिणींनीं, त्यास साह्य केलें अशी कथा आहे. कथा राहो, परंतु टेकड्यांनीं साह्य केलें हें अक्षरशः खरें आहे, कारण टेकड्यांमधील सखल जागा मातीच्या पाळीनें अडविल्यावांचून असा तलाव होतच नाहीं.

पावसाचें पाणी उतारावरून येऊन पाळीशीं थांबतें. अधिक झालेलें पाणी बाजूच्या सांडव्यावरून निघून पुष्कळदां खालच्या दुसऱ्या तलावांत जातें. पाळींतील तुडुम उघडला कीं पाणी पाटानें बांध्यांत उतरतें. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, आणि धान पोटरींत असतां पावसानें दडी मारली, तर त्या वर्षाचें अन्न या तुडुमावर अवलंबून असतें. इतकें शेतकऱ्यांच्या मुलांस ठाऊक असतें. परंतु पाळीसमोरच्या बाजूस, जेथें पाणी गुडघाभरच असतें, तेथें कोणी फारसें पाहत नाहीं. त्या उथळ कांठीं पाणवनस्पती वाढतात, मासे अंडीं घालतात, ढीवर जाळें टाकतो, आणि सारस पक्ष्यांची जोडी चरते. महाराष्ट्रांत हा पक्षी आतां प्रामुख्यानें आमच्याच भागांत उरला आहे. तो कधीं अशा कांठीं, तर कधीं उभ्या धानांत घरटें करतो.

मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० सालीं झाला, १९५१ मध्यें तो अंमलांत आला, आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांस ‘माजी मालगुजारी’ किंवा थोडक्यांत ‘मामा तलाव’ म्हणतात. (आईच्या भावाशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं!) मालगुजारी गेली हें उचितच झालें, तिच्यांतील अन्यायाबद्दल आम्हांस हळहळ नाहीं. पण पाळ बांधण्याचें व गाळ काढण्याचें जें कर्तव्य त्या हक्कास चिकटलेलें होतें, तें कोणाच्याच माथीं नीट बसलें नाहीं. गाळ सांचला, आणि कांठांवर बेशरमाचीं झुडपें माजलीं.

आतां विकासाची योजना आंखतांना घोटाळा होतो तो असा. पाटबंधाऱ्याचा हिशेब ओलिताच्या हेक्टरांत, मत्स्यव्यवसायाचा बीजांत, वनखात्याचा पक्ष्यांत. तलाव मात्र एकच. अधिक पाणी सांठावें म्हणून यंत्रानें सर्व तळ सारखा खोल खणला, तर भुकेचें दुसरें व पाण्याचें सहावें ध्येय साधल्यासारखें दिसतें. परंतु उथळ कांठ गेल्यानें मासा अंडीं कोठें घालणार? सारसानें चरावें कोठें? भूमीवरील जीवांचें पंधरावें ध्येय तेथेंच बुडतें. चौदावें ध्येय समुद्रांतील जीवांविषयीं आहे, म्हणून आमच्या ढीवरांचा मासा त्यांत बसत नाहीं. हें आम्हांस थोडें विचित्र वाटतें. तथापि सहाव्या ध्येयांतच दोन उपयोगी लक्ष्यें आहेत: एक, नद्या, तळीं व पाणथळ जागा यांचें जीवन राखावें, दुसरें, पाण्याच्या व्यवस्थेंत गांवच्या लोकांचा हात असावा. आमच्या मतें हीं दोन लक्ष्यें आधीं धरावीं व हेक्टरांचा आंकडा मागून मोजावा.

याची वाट अर्जुनी मोरगांवच्या बाजूस कांहीं गांवांनीं दाखविली आहे. तेथील मच्छीमारांनीं व त्यांच्या स्त्रियांनीं तलावांतील बेशरम उपटून काढली, कोणती वनस्पती कोणत्या माशास लागते हें जाणत्या ढीवरांकडून समजून घेतलें, आणि तिचीं रोपें स्वतः चिखलांत उभें राहून कांठाकांठानें लावलीं.