ज्यूद्वेष : अफवा जुन्या, वाटा नव्या

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले आणि आठवडा उलटायच्या आत एक 'आतली बातमी' जगभर फिरू लागली. त्या मनोऱ्यांत काम करणारे चार हजार ज्यू त्या दिवशी कामावर आलेच नव्हते म्हणे. त्यांना आधीच निरोप गेला होता. हा आकडा आला कुठून? हल्ल्यानंतर न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या परिसरात असू शकणाऱ्या सुमारे चार हजार इस्रायली नागरिकांची काळजी इस्रायलच्या परराष्ट्र खात्याने व्यक्त केली होती. मूळ बातमी एवढीच. १७ सप्टेंबरला हिजबुल्लाच्या 'अल-मनार' वाहिनीने तिचे शेपूट धरून ती उलटवली. 'परिसरात असू शकणारे' लोक 'कामावर न आलेले' झाले, इस्रायलींचे ज्यू झाले आणि ईमेलवर स्वार होऊन मजकूर सुटला. प्रत्यक्षात त्या हल्ल्यात शेकडो ज्यू मेले. आकडा खरा आणि गोष्ट खोटी, अशी ही जोडी असल्याने ती आजही मधूनमधून वर येते.

तेव्हा फेसबुक नव्हते की व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. त्यामुळे 'ज्यूद्वेष ही समाजमाध्यमांची देणगी' हे म्हणणे टिकत नाही. चौदाव्या शतकात युरोपात प्लेग पसरला, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची आवई उठली. १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आले, तोवर प्लेग त्या शहरात पोहोचलाही नव्हता! २०२० मध्ये करोना आला आणि तोच आरोप नव्या कपड्यांत हजर झाला. समाजमाध्यमांनी द्वेष जन्माला घातला नाही. त्याला वेग दिला, फुकट छपाई दिली आणि टोपणनावाचा आडोसा दिला.

जागतिक कटाचा 'पुरावा' म्हणून आजही ज्याची पीडीएफ पाठवली जाते, तो 'झायनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल्स' हा दस्तऐवज १९०३ मध्ये रशियात छापला गेला. १९२१ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये फिलिप ग्रेव्ह्ज या वार्ताहराने दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून दाखवले, की परिच्छेदच्या परिच्छेद मोरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ च्या उपहासग्रंथातून उचलले आहेत. जोलीचा रोख होता तिसऱ्या नेपोलियनवर. ज्यूंचा त्यात संबंधच नाही. चोरी उघडी पडून शंभर वर्षे झाली. गिऱ्हाईक मात्र कमी झालेले नाही.

'अहो, मीम आहे, हसून सोडून द्या' हा सल्ला वरकरणी शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक मीममागे बंदूक नसते हे खरेच. पण २०१६ मध्ये ज्यूंच्या नावाभोवती तिहेरी कंस टाकण्याची 'गंमत' चालली होती ती त्यांना हेरून लक्ष्य करण्यासाठी, आणि ते कंस आपोआप टाकणारे क्रोमचे एक्स्टेन्शन गुगलला काढून टाकावे लागले. २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जणांना ठार करणाऱ्याने गोळीबारापूर्वी काही मिनिटे 'गॅब' या समाजमाध्यमावर पोस्ट टाकली होती. वर्षभरानंतर, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, जर्मनीतल्या हाले शहरात एक जण हेल्मेटवर कॅमेरा लावून सिनेगॉगवर चालून गेला. दार मजबूत होते म्हणून आतली पन्नासेक माणसे वाचली. बाहेर दोघांचा जीव गेला. हा जर्मन माणूस चित्रीकरणात इंग्रजीत बोलत होता, कारण त्याचे प्रेक्षक गल्लीतले नव्हते. थेट पाहणारे निघाले जेमतेम पाच. पण थेट प्रक्षेपणाच्या 'ट्विच' या संकेतस्थळाने काढून टाकेपर्यंत अर्ध्या तासात ते रेकॉर्डिंग सुमारे २,२०० जणांनी पाहिले.

इस्रायलवर टीका म्हणजे ज्यूद्वेष, असे समजणारेही आहेत आणि इस्रायलवरच्या टीकेत ज्यूद्वेष असूच शकत नाही, असे मानणारेही. दोघेही चुकतात. २०१६ मध्ये बुखारेस्टला स्वीकारलेल्या ज्यूद्वेषाच्या ज्या व्याख्येवर सर्वाधिक वाद होतो, तिच्यातच म्हटले आहे, की इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका ज्यूद्वेष ठरत नाही. गाझातल्या बॉम्बवर्षावाचा जाब नेतान्याहूंना विचारणे हे राजकारण. त्याचा राग म्हणून पॅरिसमधल्या ज्यू शाळेच्या मुलांना धमकावणे हा द्वेष.

उपाय काय? 'मजकूर काढला की प्रश्न मिटला,' इतके ते सोपे नाही. २०१८ मध्ये होलोकॉस्ट नाकारणाऱ्या पोस्ट हटवण्यास नकार देणाऱ्या फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी २०२० मध्ये भूमिका बदलून बंदी घातली. जर्मनीने पाच कोटी युरोपर्यंत दंडाचा कायदा केला. युरोपीय संघाचा नवा कायदा तर कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड करू शकतो. याचा उपयोग होतो. युनेस्कोच्या २०२२ च्या अहवालात होलोकॉस्टविषयीच्या मजकुरापैकी फेसबुकवर आठ टक्के खोटा किंवा विकृत आढळला, तर देखरेख नावालाच असलेल्या टेलिग्रामवर ४९ टक्के. पण हाकललेले लोक टेलिग्रामसारख्या ठिकाणी जात असावेत, अशी शंकाही तेच आकडे जागवतात.

म्हणून दुसरी बाजूही लागते, खरे बोलणाऱ्यांची. ऑशविट्झमध्ये आई, भाऊ आणि बहीण गमावलेल्या लिली एबर्ट नव्वदी ओलांडल्यावर पणतू डोव्हच्या मदतीने टिकटॉकवर आल्या. हातावर गोंदलेला क्रमांक दाखवत त्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत. शिव्याही येत, पण फॉलोअर वीस लाखांच्या घरात गेले. २०२४ मध्ये शंभराव्या वर्षी त्या गेल्या.

'आपल्याकडे हे नाही' या समजुतीत तथ्य बरेच आहे. कोकणात तेल गाळणारे बेने इस्रायली ज्यू 'शनिवार तेली' म्हणून शतकानुशतके निर्धास्त राहिले. तरी २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाने रेस्टॉरंट निघाले होते आणि विरोध झाल्यावर ते नाव बदलावे लागले. २६/११ ला नरिमन हाउस निवडले गेले ते तिथे ज्यू होते म्हणूनच. त्यामुळे 'मूठभर ज्यू जग चालवतात' असा फॉरवर्ड आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे : जगातले सगळे ज्यू मिळून दीड कोटींच्या आसपास आहेत. मुंबई महानगर प्रदेशात याहून जास्त माणसे राहतात.