बेरोजगारी भत्त्याचा अर्ज ‘अपात्र’ ठरला तर काय करता येत होते?

छत्तीसगड शासनाची बेरोजगारी भत्ता योजना 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली होती. पात्र तरुण-तरुणींना दरमहा 2,500 रुपये थेट बँक खात्यात मिळत होते. 30 एप्रिलला पहिला हप्ता 66 हजारांहून अधिक जणांच्या खात्यात जमा झाला. खात्यात काही आले नसेल आणि पोर्टलवर ‘अपात्र’ असा शेरा दिसत असेल, तर निर्णयापासून 15 दिवसांच्या आत अपील करता येत होते. हे अपील पोर्टलवरच, ऑनलाइन, कलेक्टरांकडे (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे) जात होते.

पण आधी शेऱ्याखाली दिलेले कारण नीट वाचणे गरजेचे होते. पोर्टल हिंदीत होते. तिथले ‘पंजीयन’ म्हणजे रोजगार कार्यालयातील नोंदणी, ‘आय प्रमाण पत्र’ म्हणजे उत्पन्नाचा दाखला आणि ‘आश्रित’ म्हणजे घरातील अवलंबून असलेली व्यक्ती. अर्ज चॉइस सेंटरवर भरला असेल, तर त्यात कोणाचा मोबाइल नंबर दिला आहे तेही पाहणे गरजेचे होते. दुकानदाराचा नंबर दिलेला असेल, तर लॉगिनसाठी दर वेळी त्याच्याकडेच जावे लागे आणि त्यात पंधरा दिवस सहज निघून जात.

तात्यापाऱ्यातील मराठी घरांत एक अडचण हमखास येऊ शकत होती. नागपूर, अमरावती किंवा भंडाऱ्याहून लग्न होऊन आलेल्या मुलीची नोंदणी माहेरच्या रोजगार कार्यालयात असे. ती कितीही जुनी असली तरी इथे धरली जात नव्हती. नोंदणी छत्तीसगडच्याच रोजगार कार्यालयात हवी होती आणि अर्जाच्या वर्षी 1 एप्रिलला तिला किमान दोन वर्षे पूर्ण झालेली हवी होती. शिवाय अर्जदार छत्तीसगडचा मूळ निवासी, बारावी उत्तीर्ण आणि त्याच 1 एप्रिलला 18 ते 35 वर्षे वयाचा असावा लागत होता. यातली एखादी अट खरोखरच पूर्ण होत नसेल, तर अपिलाने ती पूर्ण होत नव्हती. अशा वेळी नोंदणी करून ठेवणे आणि तिचे नूतनीकरण चुकू न देणे, एवढेच हातात होते. नोंदणी रद्द होऊन नवी करावी लागली, तर तारीखही नवी पडते.

अपील उपयोगी पडत होते ते कागद वाचताना किंवा भरताना चूक झाली असेल तेव्हा. समजा, वडील सरकारी कार्यालयात शिपाई आहेत आणि ‘कुटुंबात शासकीय नोकरी’ या कारणाने अर्ज नाकारला गेला. नियमात चतुर्थ श्रेणीच्या नोकरीला सूट होती. वडिलांच्या पदाचा कार्यालयाकडून दाखला घेऊन तो अपिलाला जोडता येत होता. घरात कोणाला दरमहा 10,000 रुपये किंवा अधिक पेन्शन असेल तर भत्ता मिळत नव्हता. पेन्शन त्याहून कमी असेल, तर पासबुकातील नोंदी दाखवता येत होत्या. उत्पन्नाची मर्यादा संपूर्ण कुटुंबासाठी वर्षाला 2,50,000 रुपये होती. कुटुंब म्हणजे पती, पत्नी, आश्रित मुले आणि आश्रित आई-वडील. दाखला तहसीलदार किंवा त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचा आणि अर्जाच्या दिवशी एक वर्षाच्या आतला हवा होता. शिष्यवृत्तीसाठी काढलेला जुना दाखला चालत नव्हता.

अपिलात लांबलचक हकिगत लिहून उपयोग नव्हता. घरची ओढाताण खरी असते, पण निर्णय कागदावर होत होता. दिलेले कारण लिहून, ते का चुकीचे आहे ते दोन-तीन वाक्यांत सांगून कागद जोडायचे होते. पाठवल्यावर त्या पानाचा फोटो काढून ठेवणे चांगले होते.

एक नियम मात्र घरात भांडण लावू शकत होता. एका कुटुंबात भत्ता एकालाच मिळत होता. दोन भावंडे पात्र असतील तर वयाने मोठ्याला, वय सारखे असेल तर ज्याची नोंदणी आधीची त्याला. धाकट्याने या कारणावर अपील करून उपयोग नव्हता.

अर्ज मंजूर झाल्यावरही पोर्टल अधूनमधून पाहावे लागत होते. भत्ता आधी एका वर्षासाठी होता, नोकरी न लागल्यास आणखी एक वर्ष वाढू शकत होता. या काळात कौशल्य प्रशिक्षण दिले जात होते. प्रशिक्षण किंवा देऊ केलेली नोकरी नाकारली, तर भत्ता बंद होत होता.