गरोदर बायकांसाठी पावडर काढताय? आधी मायक्रोग्रॅमचा हिशोब करा

जळगावच्या मागच्या बॅचमध्ये चोपड्याच्या एक ताई होत्या. सुकवलेल्या केळीची पावडर आणि नागलीचं सत्त्व, असं त्यांचं प्रॉडक्ट. मीच त्यांना म्हणालो, "ताई, गिऱ्हाईक नक्की करा. गरोदर बायकांसाठी म्हणून विका, भाव चांगला मिळेल." त्यांनी अकरा हजारांचे पाऊच छापून आणले आणि मग विचारलं, "भाऊ, यात व्हिटॅमिन कोणकोणती टाकायची?"

मी बीबीए झालेला दुकानदार माणूस. उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाचायला बसलो तेव्हा कळलं, सल्ला देताना मी घाई केली.

या विषयाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा रक्तक्षय व्हायचा. तिने त्या काय खातात ते तपासलं. मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क, दिला की रक्त सुधारतं हे तिने १९३१ मध्ये छापलं. त्यातला कामाचा घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलेट. म्हणजे आधी उणीव सापडली, मग गोळी आली. आपण आधी पाऊच छापतो!

बरं, मग फॉलिक ॲसिड टाकलं की झालं का? तर नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. ते मिळतं दूध, अंडी, मांस-मच्छीतून. ज्या आयांमध्ये फॉलेट जास्त पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स सगळ्यात जास्त दिसला. म्हणजे पुढे डायबेटिसकडे नेऊ शकणारी अवस्था. याचा अर्थ फॉलिकची गोळी बंद करा असा मुळीच नाही, ती बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी लागतेच. पण एक घटक वाढवताना दुसरा बघावा लागतो.

शिवाय तुमची गिऱ्हाईक रिकामी नसते. सरकारी दवाखान्यातून तिला लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ५०० मायक्रोग्रॅमची गोळी १८० दिवस फुकट मिळते, कॅल्शियमही मिळतं. तुमची पावडर त्याच्यावर पडणार. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. युनिसेफ आणि डब्ल्यूएचओने १९९९ मध्ये ठरवलेल्या गोळीत १५ घटक आहेत, पण कॅल्शियम नाही. आणि व्हिटॅमिन ए? रेटिनॉल दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. "जास्त टाकलं तर बिघडतं कुठे" हे इथे चालत नाही.

आता मिक्सिंगचा हिशोब. एका वेळची पावडर ३० ग्रॅम, त्यात फॉलिक ४०० मायक्रोग्रॅम. हजार वेळा पुरेल एवढा माल म्हणजे ३० किलो. त्यात फॉलिक किती? ०.४ ग्रॅम. चिमूटभरही नाही! ते ३० किलोत घरच्या परातीत सारखं मिसळेल का? एका पाऊचमध्ये ढीगभर जाईल, दुसऱ्यात शून्य. त्यासाठी कारखाने आधी तयार प्रीमिक्स घेतात, टप्प्याटप्प्याने मिसळतात आणि प्रत्येक बॅचची लॅब टेस्ट करतात. काही व्हिटॅमिन साठवणुकीत कमी होतात, म्हणून सुरुवातीला थोडं जास्त धरावं लागतं. तेही मोजून.

कायद्याचं थोडक्यात. घरगुती खाद्यपदार्थाच्या एफएसएसएआय नोंदणीवर हे निघत नाही. हेल्थ सप्लिमेंटचं वेगळं लायसन्स लागतं, लेबलवर "औषधी वापरासाठी नाही" लिहावं लागतं, आणि रक्तक्षय बरा होतो असा दावा करता येत नाही. थर्ड पार्टीकडून डबे करून घेणार असाल तर बॅचचा लॅब रिपोर्ट हातात घ्या, आणि फॉर्म्युला स्त्रीरोगतज्ज्ञ व आहारतज्ज्ञाला दाखवा. तेवढं भांडवल नसेल तर साधा खाद्यपदार्थ म्हणून विका, त्यातही इज्जत आहे.

ताईंनी तेच केलं. "गरोदर मातांसाठी" या ओळीवर आता स्टिकर लागतो, "केळी-नागली पीठ". स्टिकरचे पैसे मी दिले. पाऊचचे अर्धे देणं अजून बाकी आहे.